उरलेले थेंब

कुंपण छाटताना जावयाच्या डोळ्याला फांदी लागली, तेव्हा सासूबाईंनी आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मायेनं घातले. लाली उतरली, म्हणून रोज घातले. आता बुबुळावर पांढरा डाग पडला होता. डॉक्टरीणबाईंनी तो जरासा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. “बुरशी आहे. चुकीच्या थेंबांनी माजलेली दिसते. काय घातलं होतं?” “काहीच नाही,” जावई पटकन म्हणाला. सासूबाईंनी पदराआडची बाटली मुठीत घट्ट धरली. पोरगा त्यांच्या चुकीवर पांघरूण घालत होता. “खरं सांगा, नाहीतर उपचार चुकतील, डोळा जाईल.” घामेजलेल्या मुठीतली बाटली सासूबाईंनी टेबलावर ठेवली. “हेच थेंब. मीच घातले.” डॉक्टरीणबाईंनी नाव वाचून ती कचऱ्यात टाकली. “यात स्टेरॉइड आहे; त्यानं लाली उतरते, पण बुरशी माजते. आता बुरशीवरचं औषध दर तासाला, रात्रीसुद्धा. कोण घालणार?” सासूबाई दाराकडे सरकल्या. जावयानं मान मागे टाकली. “आईच घालतील. त्यांचा हात हलका आहे.”