जुनी प्रत

"तासाभरात खंडणी भरा, नाहीतर आठवणी पुसल्या जातील," असा संदेश पडद्यावर झळकत होता. बापूंची नजर ओळख नसल्यासारखी छताला लागली होती. आजारपणानंतर त्यांच्या आठवणी मेंदूतल्या चिपमध्ये असत, आणि त्या चिपलाच कुणीतरी कुलूप घातलं होतं.

"कपाटात त्यांच्या आठवणींची एक प्रत आहे," आई म्हणाली. "कशालाच जोडलेली नव्हती म्हणून वाचली. पण ती तुझ्या लग्नाआधीची आहे, मृणाल."

मृणालनं चोरून लग्न केलं, ते बापूंना शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिप पुसून जुनी प्रत चढवली. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग बापूंनी मान वळवली.

"मृणाल? कॉलेजातून कधी आलीस?"

आईनं तिला गप्प राहण्याची खूण केली. पण पुन्हा लपवायचं मृणालच्या जिवावर आलं.

"बापू, मी लग्न केलंय. अमोघशी. तुम्हाला न विचारता."

बापूंचा चेहरा ताठरला.

"कुठंय तो?"

"बाहेर. गाडीत बसलाय."

"एवढ्या उन्हात?" बापू उखडून म्हणाले. "आत बोलाव त्याला."