न शिकणाऱ्या बाई

"पुन्हा नापास," मुख्याध्यापक म्हणाले, आणि गणिताच्या बाईंनी पर्स उचलून सरळ दहावीच्या वर्गाची वाट धरली.

शाळेत इंटरनेट आल्यापासून हे असंच चाललं होतं. हजेरी, गुण, पालकांना कळवणं, सगळं आता संगणकावर होणार होतं आणि त्यासाठी प्रत्येक शिक्षकाला एक परीक्षा पास व्हायची होती. शिकवायला एक तरुण नेमला होता. नेमणूक तात्पुरती. शेवटचा शिक्षक पास झाला की त्याचं काम संपलं. शिक्षकखोलीत सगळे त्याला 'नेटवाले' म्हणत.

सुरुवातीला झाडून सगळ्यांनी नाकं मुरडली होती. चित्रकलेचे सर तर माऊसला हात लावायलाही तयार नव्हते. आता तेच सर वर्गात कमी आणि संगणकापुढे जास्त दिसत. एकेक करून सगळे वळले, उरल्या फक्त बाई. फळ्याची रेंज कधी जात नाही, असं त्या भर बैठकीत सुनावत आणि समोरच्याची बोलती बंद होई.

तरी शाळा सुटली की त्या नेटवाल्याकडे येऊन बसत. तेच तेच विचारत. फाइल गेली कुठे, मेल पोचली हे कळायचं कसं. तो न कंटाळता पुन्हा सांगे. मधूनच त्या त्याच्या बायकोची चौकशी करत. तिला सातवा लागला होता. जेवण जातं का, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्यांना हवं असे. बाईंच्या स्वतःच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. जो काही जीव होता तो दहावीच्या वर्गात.

एकदा नेटच बंद पडलं. तो टेबलांखाली रांगत वायरी तपासत होता. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, कोपऱ्यातल्या डब्याचा दिवा विझलाय, तो जरा बंद करून चालू करून बघा. नेट आलं. अंदाज बरा लागला म्हणून दोघंही हसले.

शेवटी मुख्याध्यापकांनी बाईंना निक्षून सांगितलं. ही शेवटची संधी. या वेळी नापास झालात तर दहावी दुसऱ्याकडे जाईल. हे सांगताना त्यांनाही जड जात होतं, कारण दहावीचा गणिताचा निकाल बाईंच्याच जिवावर होता. बाई नुसतं बरं म्हणाल्या.

त्या दिवशी नेटवाल्याला घास गेला नाही. बाई नापास होतात म्हणून आपल्या घरची चूल पेटते, याची त्याला फार लाज वाटायची.

परीक्षेला बाई पडद्यापुढे बसल्या. चष्मा पुसत एकेक उत्तर निवडलं. शेवटचा प्रश्न झाला तोच तासाची घंटा वाजली.

"मुलं खोळंबतील. ते 'पाठवा' तेवढं तुम्ही दाबा," असं म्हणून त्या निघाल्यासुद्धा.

त्याने उत्तरं पाहिली. जवळजवळ सगळी चुकलेली. काल त्यांनी स्वतः करून दाखवलेलंसुद्धा. त्याला वाईट वाटलं. धास्तीने माणसाचं असं होतं, तो मनाशी म्हणाला. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज येत होता. मग त्याने एकेक उत्तर दुरुस्त केलं आणि 'पाठवा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंचं तोंडभरून अभिनंदन केलं. नेटवाल्याचेही आभार मानले आणि महिनाअखेरीस त्याला मोकळं करत असल्याचं सांगितलं. ते ऐकून बाई तडक संगणकाच्या खोलीत आल्या. तो वायरी गुंडाळत होता.

"उत्तरं तुम्ही बदललीत ना?"

"हो," तो मान खाली घालून म्हणाला. "रागवा हवं तर. पण तुमची दहावी गेलेली मला बघवली नसती."

बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"गेली असती तर गेली असती," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी पाळणा हलेपर्यंत मला नापासच राहायचं होतं."