रणगाड्याची दाढी

खंडेनवमीच्या पूजेआधी हवालदार खिलारे नाक मुरडत रणगाड्याची दाढी करत होते. पोलाद गंजू नये, पाणी मुरू नये म्हणून त्यावर जिवंत कातडी वाढवली होती. तिला घाम यायचा, केस यायचे. त्या कुबट वासाने खिलारे सारखे थुंकायचे.

लढाईत मारल्या गेलेल्या नाईक ढवळ्यांची बायको कुंकू लावायला आली. बोट टेकताच कातडीवर सरसरून काटा आला.

ती दचकली. "ह्यांनाही मानेला हात लागला की अस्साच यायचा."

खिलाऱ्यांनी वस्तरा थांबवून पूजेला आलेल्या मेजरसाहेबांकडे पाहिलं. "कातडी कुणाची, साहेब?"

"ढवळ्यांनी देहदान केलं होतं," मेजरसाहेब पुटपुटले.

"थू! लोखंडासाठी माणूस वापरला?" खिलाऱ्यांनी वस्तरा भिरकावला.

बाईंनी तोंड फिरवून पदराने रणगाड्यावरचं कुंकू पुसलं. कातडीवर पुन्हा काटा आला.