पाचव्या घरची लोकर

जया ओटीत चार घरचे धागे घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मारुतीराव एक हात लांब करून बसले होते आणि त्यांची बायको गुणाबाई त्या हातावर स्वेटरची बाही मापत होती.

"काकी, पाचवं घर तुमचं," जया म्हणाली. "पोर सकाळधरनं दूध वडीना झालंय. ह्याच्या आधीची दोन अशीच गेली. लोकर द्या, आन टोपडंबी तुमच्याच हातनं होऊ दे."

जांबोटीत ही रीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. एखादीची मुलं जगत नसली, की जिच्या पोटचं एकही मूल गेलेलं नाही अशा पाच आयांकडून धागा मागायचा आणि त्याचं टोपडं बाळाला घालायचं. देताना त्या आईनं म्हणायचं, 'माझं जगलं, तुझं जगू दे.' खोटं बोलून दिलेला धागा मात्र बाळाला बाधतो, असं म्हातारी माणसं बजावून सांगत. गुणाबाईला एकुलता एक रवळू, तो पलटणीत. गावाच्या दृष्टीनं तिच्याइतकी भरवशाची आई दुसरी नव्हती.

मारुतीरावांचा हात तसाच अधांतरी राहिला.

रवळू इटलीच्या लढाईत पडला होता, आणि ते त्यांनी अजून बायकोला सांगितलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या कॅम्पात बोलावून घेऊन सुभेदारानं पाठीवर हात ठेवला आणि आता पक्कं कळलं म्हणून सांगितलं. परतीची सगळी वाट मारुतीराव एकच गोष्ट घोकत आले. घरात पाऊल टाकलं की बायकोला सांगून मोकळं व्हायचं. पण पाऊल टाकलं तर ती म्हणाली, "हात करा की फुडं. रवळूचा हात तुमच्याएवढाच हाय." मांडीवर रवळूनं रजेत आणलेली खाकी लोकर, हातात बांबूच्या सुया, चेहरा कामात बुडालेला. मारुतीरावांनी मुकाट्यानं हात पुढं केला.

मग त्यांनी मनाशी मुदत घातली. स्वेटर पुरा झाला की सांगायचं. भित्र्या माणसाला मुदत घालण्याची भारी हौस असते. पण गुणाबाई पडली चिकित्सक. बाही संपत आली की ती नाक मुरडायची, लांडी झाली म्हणायची आणि पार खांद्यापर्यंत उसवून टाकायची. मारुतीराव सुटकेचा श्वास टाकायचे आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला रडायचे. बापाला दुसरी जागा नव्हती.

आता गुणाबाईनं टोपलीतला लोकरीचा गुंडा उचलला होता.

बोलावं, तर परक्या पोरीच्या देखत बायकोला सांगायचं की तुझा मुलगा राहिला नाही. गप्प बसावं, तर ही भाबडी बाई 'माझं जगलं' म्हणणार आणि मेलेल्या पोराची लोकर त्या तान्ह्याच्या डोक्यावर चढणार. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर? असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मारुतीराव देवळाच्या कट्ट्यावर बसून चारचौघांत सांगत असत. या घटकेला मात्र त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"रवळूच्या आई," ते म्हणाले.

"काय वो?"

तिनं वळून पाहिलं. ते डोळे बघितले आणि मारुतीरावांचा धीर सुटला.

"काय न्हाय."

"चल गं, भाईर उजेडात देते," म्हणत गुणाबाई जयाला घेऊन अंगणात गेली.

अर्धी बाही आणि सुया मारुतीरावांच्या पायाशी पडल्या होत्या. आपल्या भेकडपणाची त्यांना अशी किळस कधी आली नव्हती. एका पोराला आपण वाचवू शकलो नाही, दुसऱ्याच्या मुळावर तरी येऊ नये. ते उठले. काय व्हायचं ते होवो, आता सांगायचंच. दारापर्यंत गेले, तोंड उघडलं, आणि बाहेरचं बोलणं कानावर पडलं तसे दाराआडच थबकले.

गुंडा अजून गुणाबाईच्या पदराखालीच होता.

"धागा माझा नको, पोरी," ती हलक्या आवाजात सांगत होती. "टोपड्याला हातबी माझा नको. वरच्या आळीला अंबुबाईकडं जा. तिची सगळी पोरं धड हायत. पळ, येळ करू नको."

जया कावरीबावरी झाली. "पर काकी, तुमचा रवळूभाऊ तर..."

"माझा रवळू गेला." गुणाबाईचा आवाज जराही हलला नाही, तो कधीच रडून कोरडा झालेला होता. "त्येच्या पलटणीतला भरमू जखमी हून घरला आलता न्हवं शिमग्याला? त्येनं झऱ्यावर मला एकटीला गाठून सांगितलं."

शिमग्याला. म्हणजे पावसाळ्याच्या कितीतरी आधी. मारुतीरावांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"तू कुटं बोलू नको," गुणाबाई म्हणाली. "ह्यास्नी ठावं न्हाय अजून. कळलं तर ह्ये जगायचे न्हाईत. बाही पुरी झाली की स्वेटर धाडूया म्हणत्यात का काय, म्हणून मी आपली उसवत बसती."