हौश्याची जुपणी

सायंकाळी पावणेसातला साखर कारखान्याच्या रस्त्यावर एक मोटार उसाने भरलेल्या बैलगाडीवर मागून आदळली. गाडीबाहेर आलेला एक ऊस काच फोडून चालवणाऱ्या तरुणाच्या खांद्यात घुसला. पुढे जोडीतला हौश्या बैल कोसळला आणि मान जुवाला बांधणारी जुपणी त्याच्या गळ्यात आवळली.

कौसाबाई उसावरून उतरली ती आधी मागे धावली. तरुण शुद्धीत होता, खांद्यातल्या उसाकडे बघत होता. ती पुढे आली तेव्हा नवऱ्याने जुपणी कापायला कोयता उगारला होता.

"अवं, थांबा! जू सुटलं की गाडी मागं उलाळंल. ऊस त्या पोराच्या छातीत जायचा."

"अन् ह्यो मरंल त्याचं काय? दुसरा बैल तुझा बाप देतोय?"

"ह्याला मी धरते. तुम्ही तो ऊस तोडा. एका घावात."

शिव्या देतच तो मागे गेला. कौसाबाईने हौश्याची मान खांद्यावर घेऊन सगळ्या ताकदीनिशी उचलली, तेव्हा कुठे जुपणीखाली तिची बोटं शिरली. "श्वास घे रं, लेकरा," ती म्हणत राहिली. मागे कोयत्याचा एकच घाव वाजला. धावून आलेल्या लोकांनी तरुणाला बाहेर काढलं, मगच तिने जुपणी सोडली.

सकाळी तरुणाच्या भावाचा दवाखान्यातून फोन आला. ऊस काढलाय. तो बोलतोय, पण हात हलत नाही. बैल उठला का, एवढंच विचारतोय.

हौश्या पाणी प्यायला आहे. कौसाबाई त्याच्याजवळच बसून आहे. तो अजून उठलेला नाही.