खाले शे

"साखळी ताणा, ढिली सोडू नका," चुनीलाल मोजणीदार म्हणाले, आणि वस्तीतले चौघे बाप्ये पुन्हा मागं झुकले.

नंदुरबारच्या कापसाच्या जिनामागची ही वस्ती. कचेरीनं सांगून पाठवलं होतं, की कुणाचं घर कुठं ते वस्तीनंच सांगायचं; ज्याचं घर नकाशात, त्याची जागा कायम. म्हणून कामावर खाडा करून सगळे हजर होते.

सगळ्यांच्या पुढं कौसाबाई. तिला आधी रेल्वेच्या कडेवरून उठवलं होतं, मग जिनाच्या कुंपणालगतून. आता उताराखाली, नाल्याजवळ बाभळींच्या आड तिचं खोपटं होतं. आणखी एकदा उठायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि हे ती लपवतही नव्हती.

चुनीलाल सुरतेकडून नुकतेच बदलून आलेले. महाराष्ट्र-गुजरात राज्य तेव्हा एकच होतं. माणूस भला. कौसाबाईचं अहिराणी बोलणं ऐकून तर ते खूशच झाले.

"तुमचा शे ने आमचा छे, एकच वात! मला समदा समजते."

वरच्या रांगेतली माणसं आपापल्या दारात उभी होती. ती पटापट झाली. उतार लागला तसा घाणीचा भपकारा आला. चुनीलालांनी नाकाला रुमाल लावला आणि पाय तिथंच रोवले.

"इथूनच सांग, बेन. पितांबरचा घर?"

"खाले शे."

"कालीबाईचा?"

"ते बी खाले शे."

"दिलवरसिंगचा?"

"खाले शे. आनि मन्हं बी खालेच शे, भाऊ. नीट लिखज्यात."

चुनीलालांनी तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग मान हलवून लिहून घेतलं.

महिन्याभरानं कचेरीचा कारकून नकाशा घेऊन आला. वरच्या रांगेतल्या दोधूच्या ओट्यावर तो पसरून त्यानं चुनीलालांच्या नोंदी जशाच्या तशा वाचून दाखवल्या. वरची रांग संपली, मग नाल्याकडची घरं आली. "पितांबर, खाली. कालीबाई, खाली. दिलवरसिंग, खाली. कौसाबाई, खाली. कुणाची हरकत?"

"काय हरकत? बठ्ठं बराबर शे," कौसाबाई म्हणाली. सरकारी कागदावर आपलं घर तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. वस्तीच्या वतीनं पहिला अंगठा तिनंच उठवला, आणि पदरातला गूळ कारकुनाच्या हातावर ठेवला.

कारकुनानं अंगठ्यावर टीपकागद दाबला, खडा तोंडात टाकला आणि नकाशाची गुंडाळी केली.

"बरं झालं, मावशी, तुम्हीच सांगितलंत. ती घरं रिकामी नसती, तर उद्या रस्त्यासाठी कुणाला तरी उठवावं लागलं असतं."