मैत्रिणीसाठी विचारते

"हे चालू झालेलं दिसत नाही," वकीलमावशी म्हणाल्या.

पाहुणीने घाईघाईने रेकॉर्डरची दोन बटणं दाबून पाहिली. तिसऱ्यावर लाल दिवा लागला. साप्ताहिकात लिहिते म्हणणाऱ्या बाईला स्वतःचं यंत्र चालवता येऊ नये हे नवलच, पण मावशींनी नवल दाखवलं नाही. त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला. उकाडा जीव नकोसा करणारा होता आणि पाहुणीच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या.

मावशी काही वकील नव्हत्या. तीस वर्षं बायकांबरोबर कोर्टाच्या बाकांवर बसून त्यांची जीभ अशी तयार झाली होती, की खरे वकील त्यांना लांबून पाहूनच रस्ता बदलत. संस्था म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, एक कपाट आणि चार खुर्च्या. घर सोडून आलेल्या बायकांना इथून पुढे कुठेतरी नेऊन ठेवत. कुठे, ते मावशींना आणि आणखी दोघींनाच ठाऊक.

पाहुणीला नेमकं तेच काढून आणायचं होतं. तिला पाठवणारा खाली गाडीत बसून होता. पाचच्या आत ठिकाण कळलं नाही, तर नुसती बोलणी खाऊन भागणार नव्हतं.

तिने प्रश्नांचा कागद उघडला. अक्षर तिचं नव्हतं.

"बायकांसाठी इतके कायदे झाले. तरी त्यांना घर का सोडावं लागतं?"

"छत्री काय घरोघर असते," मावशी म्हणाल्या. "पाऊस आला की कोणाच्या डोक्यावर असते, ते बघायचं."

पाहुणीला हसू आलं. हसल्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"पुढारी मदत करतात?"

"निवडणूक आली की सगळे पक्ष येतात. तुम्ही बसलात ना, त्या खुर्चीचे जेवढे फोटो निघालेत, तेवढे माझ्या लग्नातही निघाले नव्हते."

"मग बदलतं काय?" हा प्रश्न कागदावर नव्हता. तो तिलाच पडला.

"खालच्या छापखान्यात बायकांना संडास नव्हता. अकरा वर्षं भांडलो. आता आहे, आणि त्याला कडी आहे." मावशी कडीबद्दल अशा बोलल्या, जशी दुसरी एखादी नातवंडांबद्दल बोलेल. "एक साहेब म्हणाले, कडीचं एवढं काय कौतुक? म्हटलं, ती आतून लागते."

"आतून," पाहुणी हळूच म्हणाली.

तिच्या खोलीची कडी बाहेरून लागत असे. ते इथे सांगायचं कारण नव्हतं. तिने पुढचा प्रश्न शोधला, पण मावशींची नजर तिच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली होती. पिवळं कापड, त्यावर निळे मासे.

"तुम्हीच शिवलीत?"

"हो. तुकडा उरला होता."

"हात छान आहे. बाहेरची कामं घेता?"

"बाहेर जायला आमच्याकडे..." वाक्य तिने तिथेच सोडलं आणि घड्याळ पाहिलं. पाचाला दहा कमी. आता आडवळणं पुरे.

"माझी एक मैत्रीण आहे," ती म्हणाली. "तिला घर सोडायचंय. कागदपत्रं सगळी घरातल्यांच्या ताब्यात. चालतं?"

"चालतं."

"मारणारा नवरा नसेल, घरातला दुसरा कोणी असेल, तर?"

"मारणाऱ्याचं नातं आम्ही विचारत नाही."

"मग तिला... म्हणजे जागा कुठे आहे ते कळलं, तर मीच नेऊन सोडेन. मैत्रिणीसाठी विचारते."

"इथे सगळ्या मैत्रिणीसाठीच विचारतात," मावशी म्हणाल्या.

थाप पचली. पाहुणीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच कुठेतरी खुपलंही. ही मैत्रीण रचताना तिला फारसं काही रचावं लागलं नव्हतं.

मावशींनी कपाटातून कोरा कागद काढला. बराच वेळ लिहिलं. पत्ता लिहायला एवढा वेळ कशाला लागतो, असं पाहुणीच्या मनात येऊन गेलं. मग कागदाची चार घड्यांची पुडी करून मावशींनी ती तिच्या मुठीत दिली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. बाही जराशी वर सरकली. मावशींनीच ती पुन्हा खाली ओढून नीट केली.

"दाराबाहेर गेलीस की आधी वाच, मग खाली जा," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते पाहुणीला कळलंच नाही. "आणि जिने दोन आहेत. पुढचा तू आलीस तो. मागचा त्या कपाटाशेजारच्या दारातून. तो पलीकडच्या रस्त्याला निघतो."

"सांगेन मैत्रिणीला," पाहुणी म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने दार लोटून घेतलं. खाली हॉर्न वाजला. पाच वाजले होते. तिने घड्या उलगडल्या.

कागदावर पत्ता नव्हता.

"सोमवारी आलेल्या मुलीच्या अंगात याच निळ्या माशांचा फ्रॉक होता. आत्याने शिवलाय म्हणून धुवायलासुद्धा काढून देत नाही. मधे पडून अर्धा मार तूच खात होतीस, असं तुझी वहिनी सांगते. दोघी सुखरूप आहेत. खोलीत तिसरी खाट आहे. कडी आतून लागते."

खाली दादाने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तेव्हा ती परत आत जाऊन, कपाटाशेजारच्या दारातून, मागच्या जिन्याच्या निम्म्यावर पोचली होती.